मोगरा, सोनटक्का, अनंत, चाफा : सुवासिक फुलझाडांची रोपं काडीपासून आणि कंदापासून घरीच कशी तयार करायची? सविस्तर माहिती

पालघर : मृग जवळ आला की आपल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा भागातल्या आठवडी बाजारांत रोपांचे टेम्पो उभे राहतात. मोगरा, सोनचाफा, अनंत, रातराणी असं सगळं त्यावर असतं. भाव विचारला की सांगतात तो देऊन लोक रोपं घेतात. त्यातली किती जगतात, फूल येतं ते सांगितलेल्याच जातीचं येतं का, हे मात्र वर्ष-दोन वर्षांनी कळतं. तोवर टेम्पोवाला कुठल्या कुठे गेलेला असतो.

खरं तर सोनचाफ्यासारखी एक-दोन झाडं सोडली तर बाकीची बहुतेक सुवासिक फुलझाडं आपण घरच्या घरी करू शकतो. त्याला मोठं शेडनेट लागत नाही की महागडी औषधं लागत नाहीत. धारदार कात्री, चांगली माती, सावली आणि दोन महिन्यांचा धीर एवढं असलं तरी भागतं. कोणत्या झाडाची काडी लावायची, कोणाचा कंद, कोणाची गुटी आणि कोणत्या झाडाच्या नादी लागायचं नाही, हे या लेखात एकेक करून पाहू.

रोप घरचं का असावं?

आपल्याकडे पावसाळ्यात पाणीच पाणी आणि दिवाळीनंतर नदी-नाले कोरडे, हे नवीन नाही. भात निघालं की कित्येक कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर भिवंडी, वसईकडे कामाला जातात. ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा बंधाऱ्याचं थोडं पाणी आहे त्यांना याच काळात मोगरा आधार देतो, कारण त्याचा मुख्य हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून पाऊस लागेपर्यंत असतो. पहाटे कळ्या खुडायच्या, पिशवीत भरायच्या आणि गाडीला लावायच्या. दादरच्या फूलबाजारात कळी पोचली की पैसा होतो. पाच-दहा गुंठ्यांवरसुद्धा हे जमतं. विक्रमगड, जव्हारच्या मोगऱ्याचं नाव झालं ते असंच.

पण दहा गुंठ्यांना रोपं किती लागतात याचा हिशेब करा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चार फूट बाय चार फुटांवर मोगरा लावला तर गुंठ्याला साधारण ६८ रोपं बसतात, म्हणजे दहा गुंठ्यांना ६८० रोपं. एवढी रोपं विकत घ्यायची म्हटली की गाडीभाड्यासकट खर्च अंगावर येतो आणि लहान शेतकरी तिथेच थांबतो. हीच रोपं गावातल्या चांगल्या झाडाच्या काड्यांपासून केली तर पिशव्या, माती आणि अंगमेहनत एवढाच खर्च.

काडीपासून केलेलं झाड हुबेहूब आईसारखंच का होतं?

मोगऱ्याला आपल्याकडे सहसा बी धरत नाही, त्यामुळे त्याची वाढ काडी, दाब कलम किंवा मुळासकट फुटवा यांवरच चालते. काडी हा त्याच झाडाचा तुकडा असतो. म्हणून आईची कळी टपोरी असेल तर लेकीची टपोरी, आईला वास जास्त तर लेकीलाही तसाच. यात दुसरीही बाजू आहे. आई रोगट असेल, कमी कळ्या धरणारी असेल, तर ती खोडही तशीच पुढे येते.

म्हणून पहिलं काम काडी कापण्याचं नाही, तर झाड निवडण्याचं आहे, आणि ते हंगामात करायचं. मार्च ते मे या काळात कळ्या खुडताना ज्या झाडांना सातत्याने जास्त आणि एकसारखी कळी येते, पानं हिरवी तजेलदार आहेत, त्या झाडांना रंगीत चिंधी बांधून ठेवा. जून महिन्यात सगळी झाडं सारखीच हिरवी दिसतात, तेव्हा ओळखता येत नाही.

काडी कशी निवडायची आणि कशी कापायची?

खाली दिलेली पद्धत मोगरा, जाई, जुई, कुंदा, कागडा, रातराणी या सगळ्यांना चालते.

१. अगदी कोवळा हिरवा शेंडा नको, तो सडतो. जुनी करडी, टणक फांदीही नको, तिला मूळ सुटायला फार वेळ लागतो. मधली, अर्धवट पक्की झालेली काडी घ्या. वाकवली तर वाकते पण लगेच पूर्ववत सरळ होते, ती बरोबर.

२. जाडी पेन्सिलीएवढी किंवा थोडी कमी, लांबी ६ ते ८ इंच, काडीवर ३ ते ४ डोळे हवेत. ज्या काडीवर कळी किंवा फूल आहे ती घेऊ नका. तिची ताकद फुलात गेलेली असते.

३. सकाळी ऊन चढायच्या आत कापा. कापल्याबरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळा. दुपारपर्यंत उघड्यावर पडलेली काडी लावण्यात अर्थ नाही.

४. खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या अर्धा इंच वर आणि सरळ. मुळं बहुतेक डोळ्याजवळून सुटतात, म्हणून खालचा काप डोळ्याजवळ. तिरका आणि सरळ असा फरक ठेवल्याने दुसरा फायदाही होतो. शेकड्याने काड्या लावताना उलटी काडी लागत नाही. उलटी लावलेली काडी वाया गेलीच समजा.

५. खालची पानं काढून टाका. वर दोनच पानं ठेवा आणि ती मोठी असतील तर अर्धी कापा. मुळं नसताना पानांतून पाणी उडत राहिलं तर काडी वाळते. सगळी पानं काढली तर अन्न तयार होत नाही. म्हणून अर्धी.

६. कात्री किंवा सुरी धारदार हवी. बोथट हत्याराने काडी चेचते आणि चेचलेल्या जागी बुरशी शिरते. एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना हत्यार गरम पाण्याने नाहीतर स्पिरिटने पुसून घ्या.

कृषी सेवा केंद्रात मुळं फुटण्याचं संजीवक पावडरच्या रूपात मिळतं. त्यात आयबीए नावाचा घटक असतो. काडीचं खालचं टोक पाण्यात बुडवून झटकायचं, पावडरीत टेकवायचं आणि जादा पावडर झाडून टाकायची. जास्त लावलं म्हणजे जास्त मुळं येतात असं नाही, उलट काडी जळते. पावडर डब्यातून थोडी वेगळी काढून घ्या, ओली काडी थेट डब्यात घालू नका. रातराणीला याची गरजच पडत नाही. मोगऱ्याला लावली तर मुळं लवकर आणि जास्त येतात. अनंताला मात्र जरूर लावा.

माती आणि पिशवी

४ बाय ६ इंचांची, खाली भोकं असलेली काळी पिशवी पुरते. मिश्रण दोन घमेली लाल माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत. ताजं शेण अजिबात घालू नका. ते कुजताना गरम होतं आणि काडीचा कापच सडतो.

नदीची वाळू आता सहज मिळत नाही. त्याजागी भाताचं तूस अर्धवट जाळून काळं केलेलं वापरा. पूर्ण जाळून राख करायची नाही, काळं झालं की पाणी मारून विझवायचं. याने माती भुसभुशीत राहते आणि पाणी साचत नाही. डहाणू, पालघर, वसईच्या किनारपट्टीतल्या वाचकांनी समुद्राची वाळू घेऊ नये, तिच्यातलं मीठ काडीला मारतं. बोअरचं पाणी खारं असेल तर पावसाचं साठवलेलं पाणी घाला.

पिशवी भरल्यावर आधी पाणी घालून माती बसू द्या. दुसऱ्या दिवशी एका काठीने भोक पाडा आणि मग त्यात काडी उभी करा. काडी तशीच मातीत खुपसली तर खालचा काप घासतो, पावडर निघून जाते. काडीचे दोन डोळे मातीत आणि दोन वर राहिले पाहिजेत. भोवती माती बोटांनी घट्ट दाबा. आत हवेची पोकळी राहिली तर मूळ सुटत नाही.

आपल्याकडच्या पावसाचं काय करायचं?

पुस्तकात लिहिलेलं असतं की पावसाळ्यात काड्या लावा. ते बरोबरच आहे, हवेत दमटपणा असतो आणि ऊन कमी असतं. पण आपल्या जव्हारला जुलैत पडतो तसा पाऊस थेट पिशवीवर पडला तर आठ दिवसांत काड्या काळ्या पडतात. काडी पावसाने मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरते.

म्हणून पिशव्या पडवीच्या कडेला, गोठ्याच्या आडोशाला किंवा बांबूच्या मांडवावर प्लास्टिक टाकून त्याखाली ठेवा. जमिनीवर ठेवायच्या असतील तर खाली विटांचे तुकडे किंवा खडी पसरा. मांडवाच्या बाजू मोकळ्या असू द्या, वारा खेळला पाहिजे. मातीला ओल हवी, चिखल नको. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढीच ओल पुरे.

काडी काळी पडायला लागली तर ती पिशवी लगेच बाजूला काढा. शेणखतात ट्रायकोडर्मा आधीच मिसळून ठेवलं असेल तर हा त्रास कमी होतो. बुरशीनाशक वापरायचंच असेल तर लेबलवर दिलेल्या मात्रेतच आणि हातमोजे घालून.

पानं फुटली म्हणजे मूळ आलं असं नाही

काडी लावल्यावर पंधरा-वीस दिवसांत वरचे डोळे फुगतात, कोवळी पानं येतात. माणूस खूश होतो आणि रोप उचलून उन्हात नेतो. चार दिवसांत ते मान टाकतं. कारण ती पानं काडीत साठलेल्या अन्नावर फुटलेली असतात, खाली मूळ अजून आलेलंच नसतं.

मातीतल्या कापावर आधी पांढरट गाठ येते, मग मुळं सुटतात. रातराणीला तीन-चार आठवडे पुरतात. मोगरा, जाई, जुई यांना सहा ते आठ आठवडे धरा. काडी उपटून बघू नका, कोवळं मूळ तुटतं आणि काम पहिल्यापासून सुरू होतं. पिशवीच्या खालच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं की समजा रोप लागलं.

शंभर काड्यांतल्या साठ-सत्तर लागल्या तर हात चांगला बसला म्हणायचं. त्यामुळे ६८० रोपं हवी असतील तर हजार-अकराशे काड्या लावाव्या लागतात. वर मर-तूट भरायला पन्नासेक रोपं जास्तीची ठेवा.

दाब कलम : ज्याला घाई नाही त्याच्यासाठी

घरापुरती पाच-दहा झाडं हवी असतील तर सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच. मोगरा, जाई, जुईची जमिनीलगतची लवचिक फांदी घ्या. मधल्या डोळ्याखाली बोटाच्या पेराएवढी साल खरवडा, तो भाग दोन-तीन इंच मातीत दाबा, वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. फांदी आईला जोडलेली असल्याने तिला अन्न-पाणी मिळत राहतं आणि वाळण्याची भीती नसते. जूनमध्ये दाबलेली फांदी ऑक्टोबरपर्यंत मुळं धरते. मग आईच्या बाजूने कापा, पण लगेच उचलू नका. आठ-दहा दिवस तिथेच राहू द्या आणि नंतर मातीच्या गोळ्यासकट काढा.

मोगऱ्याच्या जुन्या ठोंबाला बुडातून फुटवे येतात. त्यातला मुळं असलेला फुटवा कुदळीने वेगळा करून लावला तरी झाड होतं. लावण्याआधी वरचा भाग अर्धा छाटा, म्हणजे तुटलेल्या मुळांवर भार येत नाही.

अनंत

अनंताला आम्लधर्मी माती मानवते, त्यामुळे आपली लाल माती त्याला चालते. चुनखडीच्या जागी किंवा क्षारयुक्त पाण्यावर त्याची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते, युरिया टाकून ती जात नाही.

काडी ४ ते ६ इंचांची, जून-जुलैमध्ये. पिशवीवर पाण्याची प्लास्टिक बाटली बूड कापून उपडी ठेवा, झाकण उघडं असू द्या. आत दमटपणा टिकतो. सावलीतच ठेवायचं, उन्हात ठेवलं तर बाटलीत काडी शिजते. मुळं यायला दीड ते दोन महिने.

अनंताला गुटी कलमही चांगलं बसतं. पावसाच्या सुरुवातीला बोटाएवढ्या जाड फांदीवरची एक इंच साल गोल काढा. खालचा बुळबुळीत थर सुरीने खरवडून काढा, तो राहिला तर साल परत जुळते आणि मूळ येत नाही. त्यावर ओलं शेवाळ बांधून प्लास्टिक गुंडाळा, दोन्ही टोकं सुतळीने घट्ट. दोन महिन्यांत प्लास्टिकमधून मुळं दिसली की खालून कापून पिशवीत लावा.

देवचाफा : आधी वाळवा, मग लावा

देवळापाशी असतो तो पांढरा-पिवळा चाफा, कोणी खुरचाफा म्हणतं. हे झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, पण आता आपल्या प्रत्येक गावात आहे. त्याची पद्धत मोगऱ्याच्या उलट. फांदी जाड, दीड फुटापर्यंत लांब घ्यायची, सगळी पानं-फुलं काढायची आणि सावलीत आठ-दहा दिवस तशीच पडू द्यायची. कापातून येणारा पांढरा चीक वाळून तिथे खपली धरली पाहिजे. ओली फांदी लावली तर ती हमखास कुजते.

हे काम एप्रिल-मेमध्ये उरका. मातीत निम्मी वाळू असावी. मुळं येईपर्यंत पाणी अगदी बेताचं. पाऊस सुरू झाला की पिशवी छपराखाली घ्या. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, कातडीलाही आग होते. मुलांना लांब ठेवा.

रातराणी : दोन गोष्टी आधी समजून घ्या

रातराणीची काडी सगळ्यात सोपी. पण तिचा पाला आणि फळं विषारी आहेत. म्हणून गोठ्याजवळ किंवा शेळ्या फिरतात तिथे लावू नका, आणि छाटलेला पाला गुरांपुढे टाकू नका.

दुसरं म्हणजे वासाने साप येतो ही समजूत. साप फुलाच्या वासाला येत नाही. दाट, गार, ओलसर झुडपात बेडूक, उंदीर असतात, त्यांच्या मागे तो येतो. बुडाशी दोन फुटांपर्यंत फांद्या छाटून जागा मोकळी ठेवली, पालापाचोळा साचू दिला नाही, की तो धोका कमी होतो. रात्री फुलं काढायला जाताना बॅटरी मात्र घ्याच.

कंदापासून येणारी फुलं

सोनटक्का : हा आलं-हळदीच्या कुळातला. पावसाळ्यात पांढरी, फुलपाखरासारखी फुलं येतात, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. मूळ आपल्याकडच्या हिमालयाच्या बाजूचं हे झाड दूर क्यूबा देशात एवढं रुजलं की तिथलं ते राष्ट्रीय फूल आहे. एप्रिल-मेमध्ये जुना गड्डा खणा, दोन-तीन डोळे असलेले ३-४ इंचांचे तुकडे करा. काप एक दिवस सावलीत सुकू द्या. मग दोन इंच खोल, दीड-दोन फुटांवर लावा. विहिरीच्या पन्हाळीची जागा, न्हाणीच्या सांडपाण्याची जागा याला आवडते. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही, तो बुडातून कापा. दर तीन वर्षांनी गड्डे विरळ करा, नाहीतर गर्दी होऊन फुलं कमी येतात.

निशिगंध म्हणजेच गुलछडी : मूळ मेक्सिकोचं फूल. सुट्या फुलांना आणि हाराला सिंगल, फुलदाणीला डबल. शृंगार, सुवासिनी, प्रज्वल, वैभव, फुले रजनी या त्याच्या सुधारित जाती आहेत. कंद सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा घ्या. बोराहून लहान कंद पहिल्या हंगामात नुसती पात काढतात. जमिनीतून काढलेले कंद लगेच लावू नका, सावलीत हवेशीर जागी महिना-दीड महिना विश्रांती द्या. एप्रिल-मेमध्ये एक फूट बाय आठ इंचांवर, दोन-अडीच इंच खोल लावा. गुंठ्याला साधारण १,६०० कंद लागतात. लावणीपासून ८० ते १०० दिवसांत दांडे सुरू होतात. फुललेला कंद परत फुलत नाही, त्याच्या बाजूची पिल्लं पुढे फुलतात, म्हणून एकदा लावलेलं पीक तीनेक वर्षं ठेवता येतं. आपल्या पावसात हे सपाट वाफ्यात जमत नाही. गादीवाफा एक फूट उंच करा आणि चर काढा.

भुईचाफा : पानं नसताना उन्हाळ्यात थेट जमिनीतून फूल वर येतं. हिवाळ्यात पात वाळली की कंद झोपतो. फेब्रुवारीत उकरून तुकडे करा आणि लगेच लावा. त्या झोपेच्या दिवसांत पाणी घालू नका.

केवडा : बुडाला येणारा मुळं धरलेला फुटवा पावसाच्या सुरुवातीला काढून लावायचा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, वासाचं कणीस फक्त नर झाडाला येतं. मादी झाडाला अननसासारखं फळ येतं. म्हणून जिथून कणीस काढलेलं डोळ्यांनी पाहिलं, त्याच झाडाचा फुटवा घ्या. पानांना काटे असतात, वाटेवर लावू नका.

सोनचाफा : काडीच्या नादी लागू नका

सोनचाफ्याच्या काडीला मूळ सुटणं फार अवघड. बियांचं रोप होतं, पण फुलायला सात-आठ वर्षं लागू शकतात आणि फूल आईसारखंच येईल याची खात्री नसते. म्हणून शेतीसाठी सोनचाफ्याचं कलमच घ्यावं, त्याला एक-दोन वर्षांत फुलं सुरू होतात.

फसवणूक नेमकी इथेच होते. बियांचं रोप कलम म्हणून विकलं जातं. पैशापेक्षा मोठं नुकसान म्हणजे पाच-सहा वर्षं जमीन अडकून पडते. घेताना बुंधा बघा. मातीच्या वर काही इंचांवर जोडाची गाठ, साल बदललेली जागा किंवा किंचित वाक दिसला पाहिजे. बुंधा खालपासून वरपर्यंत एकसारखा गुळगुळीत असेल तर ते कलम नाही. लावताना जोड मातीच्या वर ठेवा आणि जोडाखाली येणारा प्रत्येक फुटवा खुडून टाका. खरेदी शक्यतो कृषी विद्यापीठाच्या, कृषी विभागाच्या किंवा पावती देणाऱ्या रोपवाटिकेतूनच करा.

शेतात लावताना

मूळ आलेलं रोप आठवडाभर सकाळचं ऊन, मग अर्धा दिवस, मग पूर्ण ऊन असं सवयीचं करा. जून-जुलैत केलेली मोगऱ्याची रोपं पिशवीत सांभाळून पुढच्या जूनला शेतात लावली तर पावसावरच लागतात. पाणी हाताशी असेल तर पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्येही लावता येतात.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. तळाला पालापाचोळा, वर माती, दोन घमेली शेणखत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड. पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. पिशवीसकट लावलेली झाडं दोन-तीन वर्षांनी वाऱ्याने आडवी होतात. पहिल्या वर्षी फुलांच्या मागे न लागता झाड पसरू द्या. दुसऱ्या वर्षापासून कळी सुरू होते, तिसऱ्या वर्षापासून भर येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी तोडून झाडाला विश्रांती द्यायची, डिसेंबरअखेर ते जानेवारीत छाटणी, मग खत आणि पाणी, हा मोगऱ्याचा वार्षिक क्रम.

रोजगार हमी योजनेतल्या फळबाग लागवडीत गुलाब, मोगरा, निशिगंध आणि सोनचाफा या फुलपिकांचाही समावेश आहे. अटी, कागदपत्रं आणि रोपं कुठून घेतलेली चालतात, हे काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे विचारून घ्या. लागवड आधी आणि चौकशी नंतर असं केलं तर अनुदान अडकतं. तांत्रिक शंका असेल तर डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येईल.

महिन्यांप्रमाणे कामाची यादी

फेब्रुवारी : भुईचाफ्याचे कंद वेगळे करणे.
मार्च ते मे : फुलत्या मोगऱ्यात चांगल्या झाडांना खूण बांधणे.
एप्रिल-मे : सोनटक्का, निशिगंध लावणे. देवचाफ्याच्या फांद्या वाळवून लावणे. माती-पिशव्या तयार करणे, तूस जाळून ठेवणे.
जून-जुलै : मोगरा, जाई, जुई, रातराणी, अनंताच्या काड्या. दाब आणि गुटी कलम. केवड्याचे फुटवे.
ऑगस्ट-सप्टेंबर : मूळ आलेली रोपं उन्हाला सवयीची करणे, मेलेल्या पिशव्या काढून मोजदाद.
ऑक्टोबर : दाब कलमं तोडणे.
नोव्हेंबर-डिसेंबर : जुन्या मोगऱ्याला विश्रांती.
जानेवारी : छाटणी. छाटलेल्या अर्धपक्क्या काड्या फेकू नका, आडोशाला लावल्या तर उशिरा का होईना मूळ धरतात.

प्रत्येक पिशवीवर झाडाचं नाव आणि लावल्याची तारीख मार्करने लिहा, आणि वहीत किती लावल्या, किती लागल्या ते टिपून ठेवा. दुसऱ्या वर्षी कोणत्या झाडाच्या काड्या घ्यायच्या हे ती वहीच सांगेल. गावातल्या चार-पाच घरांनी किंवा बचत गटाने मिळून एकाच मांडवाखाली हजार पिशव्या भरल्या तर राखण, पाणी सगळं वाटून होतं. उरलेली रोपं पुढच्या जूनला आपल्याच आठवडी बाजारात विकायला नेता येतात.